दहावीच्या उंबरठ्यावर सांघिक खेळ: मुलाला ध्येय मिळते की हातातले सुटते?

तळ्याकाठी (धागाकर्ती):

आमचा धाकटा मुलगा डिचोली तालुक्यातल्या एका विद्यालयात नववीत आहे आणि शाळेच्या १७ वर्षांखालील फुटबॉल संघात डावा बॅक, म्हणजे डाव्या बाजूचा बचावपटू, म्हणून खेळतो. पुढचे वर्ष दहावीचे असल्याने खेळ थांबवावा की चालू ठेवावा यावरून घरात दोन तट पडले आहेत. यजमानांचे म्हणणे असे की फुटबॉल हा गोव्याचा राज्यखेळ असला म्हणून घरोघरी फुटबॉलपटू निपजत नाहीत. सासूबाईंचे म्हणणे असे की पोर मैदानावर जाते तेवढा वेळ निदान मोबाईल तरी हातात नसतो. मला दोन्ही म्हणणी अपुरी वाटतात, कारण दोघेही खेळाकडे वेळेचा जमाखर्च म्हणून पाहत आहेत आणि गेले काही महिने मी जे पाहते आहे ते त्या जमाखर्चात बसत नाही.

जुलैमध्ये तालुका पातळीवरचा सामना होता. पाऊस असा की पलीकडचा गोलपोस्ट पुसट दिसत होता आणि मारलेला चेंडू चिखलात रुतून अर्ध्यावरच थांबत होता. पंचविसाव्या मिनिटाला आमच्या मुलाला बाहेर बोलावले गेले. दमला असेल, असे मला वाटले. घरी येईपर्यंत तो एक शब्द बोलला नाही. चिखलाने जड झालेले मोजे न्हाणीत तसेच टाकून जेवायला बसला. दुसऱ्या दिवशी दप्तर आवरताना त्याच्या गणिताच्या वहीचे शेवटचे पान माझ्या दृष्टीस पडले. पेन्सिलीने चार ठिपके काढले होते, तीन एका रेषेत आणि चौथा थोडा मागे, आणि खाली लिहिले होते, "मी तीनदा मागे राहिलो. लाईन तुटली."

तोवर ऑफसाइड म्हणजे काय हे मला ठाऊक नव्हते. त्यानेच समजावले. चारही बॅक एका रेषेत पुढे सरकले की समोरचा फॉरवर्ड त्यांच्या पाठीमागे उरतो आणि त्याला पास मिळताच ऑफसाइड ठरतो. पण चौघांतला एक जण जरी दोन पावले मागे रेंगाळला, तरी तो फॉरवर्ड नियमात बसतो आणि उरलेल्या तिघांनी अचूक केलेले काम वाया जाते. त्या दिवशी गोल झाला तो उजव्या बाजूने, म्हणजे बघणाऱ्यांच्या लेखी चूक उजव्या बॅकची. रेषा प्रत्यक्षात डावीकडे तुटली होती, आणि ते त्या चौघांखेरीज आणि सरांखेरीज कोणालाच कळले नव्हते. "आई, मला कोणी काही बोलले नाही, पण त्यांना कळले," एवढेच तो म्हणाला.

त्याच्या कपाटाच्या दारावर "भारताकडून खेळणार" असा कागद दोन वर्षे चिकटवलेला होता. तो अजून आहे, पण त्याच्याकडे आता कोणी पाहत नाही, तोही नाही. वहीच्या मागच्या पानांवर मात्र नोंदी वाढत आहेत: डाव्या पायाने २० पैकी किती पास नेमके गेले, किती वेळा हाक ऐकून पुढे सरकलो, किती वेळा हाक येण्याआधीच सरकलो. गणिताचे गुण होते तिथेच आहेत, हेही लपवत नाही.

तर माझा प्रश्न असा की, संघात खेळल्याने मुलाच्या ध्येयाला हे जे वळण लागते ते टिकाऊ असते का, आणि दहावीच्या वर्षी ते मध्येच तोडले तर नेमके काय हातचे जाते? ज्यांनी स्वतः खेळले आहे किंवा खेळवले आहे त्यांनी लिहावे. "खेळाने शिस्त लागते" हे वाक्य मात्र कृपया लिहू नये. ते प्रत्येक बक्षीस समारंभात ऐकून झाले आहे.

शिट्टी:

ताई, तुमची शेवटची अट वाचून हसू आले, कारण पेडणे तालुक्यातल्या एका शाळेत तीस वर्षांहून अधिक काळ ते वाक्य बोलणारा शारीरिक शिक्षणाचा शिक्षक मीच होतो.

आता जे समारंभात कधी बोललो नाही ते लिहितो. शालेय फुटबॉलचा गाजावाजा जेवढा असतो तेवढा खेळ नसतो. शाळांचा देशपातळीवरचा सुब्रतो चषक १९६० पासून दिल्लीत भरतो, आणि आपल्याकडची प्रत्येक शाळा तालुक्यात उतरते ती दिल्लीचे स्वप्न घेऊनच. परंतु बाद पद्धतीच्या स्पर्धेत पहिल्याच फेरीत निम्म्या शाळा घरी जातात. म्हणजे दोन महिने पहाटे उठून केलेल्या सरावाची परतफेड अनेकदा एका तासाहून कमी वेळाच्या एका सामन्यात होते, आणि तीही पराभवाने. विद्यार्थ्याची घडण सामन्यात होते असे मानले, तर आमच्या बहुतेक मुलांच्या वाट्याला घडण आलीच नाही असे म्हणावे लागेल. जे काही घडते ते सरावात घडते, आणि त्याहून जास्त राखीव बाकावर.

संघात आम्ही सोळा-सतरा मुले नेत असू. अकरा खेळत. उरलेल्या पाच-सहा जणांना मी काय दिले, हा प्रश्न मला नोकरीची पहिली पंधरा वर्षे पडलाच नाही. ती पोरे पाण्याच्या बाटल्या भरत, चपला सांभाळत, गोल झाला की ओरडत. एक मुलगा चांगला आठवतो, लहानखुरा, पायात चेंडू असा चिकटून राहणारा. त्याचा जन्म डिसेंबरचा. वयोगटाची गणना जानेवारीपासून होत असल्याने तो आपल्याहून जवळजवळ वर्षभराने मोठ्या मुलांशी खांदा लावत होता आणि धक्का लागला की पडत होता. मी उंचीने थोराड मुले निवडली आणि त्याला दोन मोसम बाकावर बसवले. नववीत त्याने मैदान सोडले. बारावीला असताना बाजारात दिसला, तेव्हा मी निवडलेल्या स्टॉपरपेक्षा, म्हणजे मधल्या बचावपटूपेक्षा, तो हातभर उंच होता. मी त्याला ओळखले, त्याने मला ओळखले नाही, किंवा न ओळखल्यासारखे केले.

त्यानंतर मी एक गोष्ट बदलली. बाकावरच्या प्रत्येकाला एक काम नेमून दिले. एकाने समोरचा उजवा विंगर, म्हणजे उजव्या कडेने चढाई करणारा, किती वेळा आत वळतो आणि किती वेळा बाहेरून जातो ते मोजायचे. दुसऱ्याने आपला गोलरक्षक चेंडू कोणत्या पायाने मारतो आणि तो कुठे पडतो ते पाहायचे. मध्यंतरात मी बोलण्याआधी त्यांनी बोलायचे. पहिल्या वर्षी ती मुले लाजली. तिसऱ्या वर्षी अकरा जण त्यांची वाट पाहू लागले. त्यातला एक आज वाळपईकडे गॅरेज चालवतो आणि गावच्या स्पर्धेचा अंतिम सामना असला की रात्री मला फोन करून कोण किती वेळा डाव्या बाजूने आला ते सांगतो. मी विचारलेले नसते.

आणि हो, २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात अभ्यास आणि सहशालेय उपक्रम यांच्यात भिंत नसावी असे म्हटले आहे. कागदावरची भिंत पडली; फेब्रुवारीत पीटीच्या तासाला गणिताचे सर येतात ते दारातून.

आकडेमोड:

मी महाविद्यालयात संख्याशास्त्र शिकवतो, त्यामुळे माझा स्वभाव संशयाचा आहे, तो सर्वांनी सांभाळून घ्यावा.

संघात खेळणारी मुले अधिक ध्येयवादी असतात, असे आपण म्हणतो तेव्हा आपण कोणाकडे पाहतो? जी शेवटपर्यंत संघात राहिली त्यांच्याकडे. शिट्टी सरांच्या डिसेंबरच्या मुलासारखी जी मध्येच गळाली ती आपल्या मोजणीत नाहीत. शिवाय ज्या घरात बूट घ्यायला पैसे आहेत, मुलाला आणायला संध्याकाळी कोणी मोकळे आहे, आणि मुलाची प्रकृती धड आहे, त्या घरचे मूल खेळात टिकण्याची शक्यता मुळातच जास्त असते. तेव्हा खेळाने मूल घडले की घडू शकणारे मूल खेळात टिकले, हे वरवर पाहून सांगता येत नाही.

जन्मतारखेचा मुद्दा सरांच्या अनुभवापुरता नाही. १९८० च्या दशकात कॅनडातल्या आइस हॉकीपटूंच्या जन्मतारखा तपासल्या असता वर्षाच्या पहिल्या महिन्यांत जन्मलेल्यांची संख्या लक्षात येण्याइतकी जास्त आढळली, आणि नंतर फुटबॉलसह अनेक खेळांत तेच दिसले. कारण साधे आहे: लहानपणी दहा-अकरा महिन्यांचा फरक शरीरात दिसतो, प्रशिक्षकाला तो गुणवत्ता वाटतो, त्या मुलाला जास्त खेळायला मिळते, आणि जास्त खेळल्याने तो खरोखरच चांगला होतो.

दुसरे, संघात घातले की सहकार्य आपोआप येते हाही गैरसमज आहे. माक्स रिंगेलमान नावाच्या फ्रेंच कृषी अभियंत्याने माणसे दोर किती जोराने ओढतात हे मोजले होते आणि ते निष्कर्ष १९१३ मध्ये छापले. माणसे वाढली तसा प्रत्येकाचा जोर घटत गेला. आठ जण ओढू लागले तेव्हा प्रत्येकाचा वाटा एकट्याने ओढताना लागणाऱ्या जोराच्या निम्म्यावर आला होता. काही भाग एकत्र झटका न बसल्याचा होता, पण पुढच्या काळातल्या प्रयोगांनी दाखवले की काही भाग निखळ अंगचोरीचा असतो. आपल्या गावच्या सार्वजनिक कामात दोर कोण ओढतो आणि कोण नुसता धरतो हे आपण सर्वजण जाणतोच, त्यासाठी फ्रान्सला जायला नको.

मात्र त्याच प्रयोगांतून एक उपयोगाची गोष्ट निघाली: प्रत्येकाचा वाटा वेगळा ओळखता येईल अशी व्यवस्था केली की अंगचोरी बरीच थांबते. धागाकर्त्या ताईंच्या वहीतले चार ठिपके मला म्हणूनच फार महत्त्वाचे वाटतात. तो मुलगा संघात आहे म्हणून बदलला नाही. त्याचा वाटा त्या चौघांना दिसला म्हणून बदलला. तेव्हा ताईंनी विचारायचा प्रश्न "खेळ चालू ठेवावा का" हा नसून "या सरांच्या हाताखाली प्रत्येकाचा वाटा दिसतो का" हा असावा. दिसत नसेल, तर दहावीचे निमित्त न करताही सोडायला हरकत नाही.

वाचनमात्र:

एक साधी शंका. सराव आठवड्यातून किती तास असतो? त्याशिवाय चर्चा हवेत चालली आहे असे वाटते.

तळ्याकाठी:

चार दिवस, दीड दीड तास, म्हणजे सहा तास. जायला-यायला आणखी दोन धरा. मी मुलाच्या डॉक्टरांना विचारले तेव्हा त्यांनी सांगितले की ५ ते १७ वर्षांच्या मुलांनी रोज सरासरी ६० मिनिटे दम लागेल अशी हालचाल करावी, असे जागतिक आरोग्य संघटनाच सांगते. म्हणजे आठवड्याला सात तास. यजमानांना हे सांगितल्यावर ते गप्प झाले, पण मान्य केले असे म्हणता येणार नाही.

खो:

सगळेजण फुटबॉलवरच लिहीत आहेत, म्हणून फोंडा तालुक्यातून एक विनम्र तक्रार नोंदवते. आमच्या शाळेला फुटबॉलचे मैदान नव्हते, देवळासमोरचे पटांगण होते, आणि त्यात खो-खो बसत होता. मी पाच वर्षे खेळले.

ज्यांनी खो-खो फक्त बाहेरून पाहिला आहे त्यांना तो पळापळीचा खेळ वाटतो. वास्तविक तो बसून राहण्याचा खेळ आहे. आठ जणी मधल्या पाटीवर एकीआड एक विरुद्ध दिशांना तोंड करून बसतात, आणि नववी धावते. धावणारीला दिशा धरली की मागे वळता येत नाही, मधली पाटी ओलांडता येत नाही. बचाव करणारी पलीकडे गेली, तर तिच्या मागे तिथूनच उठू शकेल अशा तोंडाने बसलेली मैत्रीण शोधून, तिच्या पाठीवर थाप देऊन "खो" म्हणायचे आणि स्वतः तिच्या जागी बसायचे. म्हणजे पाठलाग अगदी रंगात आलेला असतो, हात लागायला वीतभर अंतर उरलेले असते, आणि नेमक्या त्याच क्षणी तो दुसरीच्या स्वाधीन करावा लागतो.

मला हे जमत नसे. मी शाळेत सर्वांत वेगाने पळणारी होते आणि माझा गडी मीच मारणार असा हट्ट असे. आठवीत मी खांबापर्यंत एकटीच धावत जायचे. बाई पटांगणाच्या कडेला मनगटावरच्या घड्याळाकडे बघत उभ्या असायच्या. एकदा त्यांनी मला संपूर्ण डाव खांबाशेजारच्या जागेवर बसवून ठेवले आणि फक्त सांगितले की, तुझ्या पाठीवर कितीदा थाप पडते ते मोज. दोनदा पडली. तितका वेळ बसून मला पहिल्यांदा दिसले की माझ्या हट्टापायी बाकीच्या आठ जणी वर्षभर नुसत्या बसून होत्या.

आज मी एका पतसंस्थेत शाखा सांभाळते. हाताखाली सहा जण आहेत. काम स्वतःकडे ओढून ठेवायची खोड अजून पूर्ण गेलेली नाही, पण ती खोड आहे हे मला कळते, आणि ते कुठल्या पटांगणात कळले तेही आठवते. आकडेमोड सरांना हा पुरावा म्हणून चालणार नाही, याची कल्पना आहे.

जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला, तेव्हा भारताच्या मुलामुलींनी दोन्ही विजेतेपदे मिळवली. मी अंतिम सामना पाहताना धावणाऱ्यांकडे पाहिलेच नाही, बसलेल्यांचे पाय पाहत होते.

आकडेमोड:

खो ताई, पुरावा म्हणून नाही, पण उदाहरण म्हणून हे मी वर्गात सांगणार आहे. परवानगी असावी.

मेरेवरचा:

माझी बाजू थोडी कडू आहे, पण ती या चर्चेत यायला हवी.

सरदाचे, म्हणजे पावसाळी, भात कापून झाले की मेरेपलीकडच्या, बांधापलीकडच्या, कुणग्यात (शेताच्या तुकड्यात) आम्ही बांबूचे गोलपोस्ट उभे करत असू. ज्या वर्षी तिथे वायंगण, म्हणजे पावसाळ्यानंतरचे दुसरे पीक, घेतले जाई त्या वर्षी आमचे मैदान जाई. मी ज्या काळात वाढलो तो काळ असा होता की गोव्यातल्या मुलाने फुटबॉलमध्ये पोट भरण्याचे ध्येय ठेवणे हे वेडेपणाचे नव्हते. २००४-०५ ते २०१२-१३ या नऊ मोसमांपैकी आठ मोसमांत देशाचे विजेतेपद गोव्यातल्या क्लबांनी मिळवले: धेंपोने पाच वेळा, चर्चिल ब्रदर्सने दोनदा, साळगावकरने एकदा. आमच्या वाड्यावर मुलांना मुख्यमंत्र्यांचे नाव सांगताना अडखळायला होई, पण धेंपोचा संघ पाठ असे.

मी एका क्लबच्या वयोगट संघात निवडला गेलो. अकरावीचे वर्ष वाया घालवले, बारावी कशीबशी पार केली. आणि २०१६ मध्ये देशातल्या लीगची नवी रचना पुढे आली, तेव्हा धेंपो, साळगावकर आणि स्पोर्टिंग क्लब या तिघांनीही आय-लीग या तेव्हाच्या देशातल्या वरच्या लीगमधून माघार घेतली. मोठ्या क्लबांच्या निर्णयामागची कारणे त्यांच्या जागी असतील, पण माझ्या वयाच्या मुलांसाठी गावातून वर जाणारी शिडीच एका उन्हाळ्यात कोणीतरी काढून घेतल्यासारखे झाले. एफसी गोवा होता, आहे, त्यांनी २०१९-२० मध्ये इंडियन सुपर लीगची (आयएसएल) साखळी फेरी अव्वल राहून पहिली शील्डही मिळवली, पण एका क्लबमध्ये जागा त्या किती.

म्हणून ताई, खेळाने "ध्येय मिळते" हे ऐकले की मी सावध होतो. खेळाने मला जे ध्येय दिले ते माझ्या हातात नव्हते. ते कोणाच्या तरी बैठकीत ठरत होते.

मग उरले काय? दोन वर्षे मी मैदानाच्या बाजूनेही गेलो नाही. त्यानंतर एका औषध कंपनीत पॅकिंगच्या विभागात लागलो. तिथे पाळी बदलताना आधीच्या पाळीने यंत्र कोणत्या स्थितीत सोडले हे पुढच्या पाळीला सांगायचे असते, आणि बहुतेक भांडणे त्या पाच मिनिटांत होतात. मला ते जमत होते. मी मिडफिल्डला खेळत असे. पाठीमागून कोणी येतो आहे हे समोरच्याला ओरडून सांगणे हे माझे दहा वर्षांचे काम होते. पर्यवेक्षक झालो तो त्या ओरडण्यामुळे, असे माझे मत आहे, पदवीमुळे नव्हे, कारण पदवी मी नंतर बाहेरून पूर्ण केली.

आकडेमोड सरांनी क्रीडा गुणांचा विषय काढला नाही, पण कोणीतरी काढेलच, म्हणून सांगून टाकतो. मला बारावीला क्रीडा गुणांचा आधार मिळाला होता. आपल्या मंडळाच्या निकालात अशा विद्यार्थ्यांचा आकडा वेगळा सांगतात आणि लोक तो वाचून नाक मुरडतात. मला त्याची लाज वाटत नाही. मात्र त्या गुणांसाठीच मुलाला संघात घुसवणारे पालक मी पाहिले आहेत. त्यांच्या मुलांच्या वहीत ठिपके नसतात.

आकडेमोड:

काढणार होतो, आता काढत नाही.

तुमच्या प्रतिसादातून मात्र एक भेद स्पष्ट झाला. "क्लबकडून खेळणे" हे फळाचे ध्येय होते आणि ते दुसऱ्यांच्या निर्णयावर टांगलेले होते. "पाठीमागून येणाऱ्याची खबर देणे" हे कृतीचे ध्येय होते आणि ते तुमच्या हातात होते. पहिले २०१६ मध्ये गेले, दुसरे कारखान्यात तुमच्याबरोबर आले. ताईंच्या मुलाच्या कपाटावरचा कागद आणि वहीतले पान यांतही मला हाच फरक दिसतो.

फर्मागुढी:

मी अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला आहे आणि आमच्या मुलींच्या फुटबॉल संघात गोलरक्षक आहे. धागा तीनदा वाचला. दोन गोष्टी लिहायच्या आहेत.

पहिली, मुलींच्या बाबतीत "दहावीला खेळ थांबवावा का" हा प्रश्न दहावीच्या पुष्कळ आधी, सहसा सातवी-आठवीतच, न विचारता सुटलेला असतो. माझ्याबरोबर सहावीत खेळणाऱ्या नऊ मुलींपैकी दहावीत दोघी उरलो होतो. कारणे अगदी किरकोळ वाटतील अशी होती: मैदानावर कपडे बदलायला खोली नव्हती, शेवटची बस सातला निघत होती आणि सराव पावणेसातला संपत होता. मला बाबा स्कूटरने घ्यायला येत. ज्यांचे बाबा येऊ शकत नव्हते त्या गेल्या. २०२२ मध्ये मुलींच्या १७ वर्षांखालील विश्वचषकाचे सामने मडगावजवळ फातोर्ड्याला झाले आणि मी ते गॅलरीतून पाहिले. खेळ सोडून गेलेल्या त्या सातही जणी त्याच वयाच्या होत्या, हे तेव्हा डोक्यात आल्यावाचून राहिले नाही.

दुसरी गोष्ट अभ्यासाची. आमच्या महाविद्यालयात कोणी खेळाडू मुलगी परीक्षेला घाबरली की क्रिकेटपटू शिखा पांडेचे उदाहरण दिले जाते. ती याच महाविद्यालयातून अभियंता झाली, वायुदलात अधिकारी झाली, आणि २०१७ मध्ये लॉर्ड्सवर विश्वचषकाचा अंतिम सामना खेळली. उदाहरण खरे आहे, पण ते ऐकून मला कधी धीर आला नाही, कारण तिच्याएवढे माझ्यात काही नाही हे मला माहीत आहे. मला धीर आला तो वेगळ्या कारणाने. गोलरक्षकाच्या चुकीला आडोसा नसतो. डाव्या बॅकची चूक चौघांना कळते, माझी सगळ्या मैदानाला कळते. पहिल्या वर्षी माझ्या हातातून चेंडू निसटून गोल झाला, आणि चेंडू जाळ्यातून काढून मध्यावर फेकेपर्यंतच मला रडायला वेळ होता, कारण पुढच्या वीस सेकंदांत खेळ पुन्हा सुरू होणार होता. गणित-२ मध्ये नापास झाले तेव्हा मी असेच काहीसे केले. निकाल दुपारी लागला, संध्याकाळी पुनर्परीक्षेचा अर्ज भरला. रडले रात्री.

गोलरक्षक ब्रह्मानंद शंखवाळकरांच्या वेळी, १९८३-८४ मध्ये, गोव्याने राज्यांच्या फुटबॉल संघांमधला संतोष चषक जिंकला होता. त्यांच्याविषयी आजोबा सांगतात की गोल वाचवल्यावर ते आनंद करत बसत नसत, लगेच बॅकना जागेवर ढकलत. आजोबांच्या आठवणीत किती तिखटमीठ आहे ते देव जाणे, पण मी सध्या तेच शिकते आहे.

शिट्टी:

बाळ, तुझ्या "शेवटच्या बस"च्या ओळीवर मी बराच वेळ थांबलो. आमच्या शाळेत मुलींचा संघ तीनदा सुरू झाला आणि तीनदा बंद पडला. मी अहवालात दर वेळी "विद्यार्थिनींचा अल्प प्रतिसाद" असे लिहिले. बसचे वेळापत्रक पाहिले नाही.

तळ्याकाठी:

सर्वांचे आभार मानते. हा धागा मी मुलाला वाचायला दिला. मेरेवरच्या दादांचा प्रतिसाद त्याने दोनदा वाचला आणि कपाटावरचा कागद काढला नाही. मला वाटले होते काढेल. "तो वर असू दे," म्हणाला.

आकडेमोड सरांच्या सांगण्यावरून मी शाळेत जाऊन सरांना भेटले. प्रत्येकाचा वाटा दिसतो का, असे थेट विचारायचा धीर झाला नाही, म्हणून विचारले की माझ्या मुलाला त्या दिवशी बाहेर का काढले. सरांनी खिशातून चुरगळलेली चिठ्ठी काढावी असे काही झाले नाही. त्यांना एवढेच आठवत होते की तो सलग तीन वेळा हाकेला उशीर करून सरकला, आणि चौथ्यांदा उशीर होऊन आणखी गोल झाला असता तर तो मनातून खचला असता, म्हणून आधी बाहेर घेतले. तीनदा. वहीतही तीनच लिहिले होते.

शेवटी असे ठरले आहे. दहावीत तो आठवड्यातून चारऐवजी दोन दिवस जाईल आणि पूर्वपरीक्षा सुरू झाली की थांबेल. दोन दिवस येणाऱ्याला अकरांत जागा देता येणार नाही, हे सरांनी स्पष्ट सांगितले आणि मला ते रास्त वाटले. मुलाला वाईट वाटले. तो दिवसभर घुश्शात होता आणि यजमानांनी नेमक्या त्याच दिवशी "मग जातोस कशाला" असे विचारून घरात वादळ उठवले. दुसऱ्या दिवशी सरांनी त्याला बोलावून सांगितले की दोन दिवस येणार असशील तर आठवीतल्या एका मुलाला डावी बाजू शिकव. पुढच्या जुलैत तिथे कोणीतरी लागणार आहे.

गेल्या बुधवारी वही पुन्हा माझ्या हाती आली. मागच्या पानावर ठिपक्यांची नवी रांग होती, पण अक्षर आमच्या मुलाचे नव्हते. बरेच मोठे आणि वाकडे होते. चौथा ठिपका दोनदा खोडून पुढे सरकवलेला होता.

शिट्टी:

त्या आठवीतल्या मुलाची चण कशी आहे? आणि जन्म कोणत्या महिन्यातला, तेवढे विचारून घ्याल का?

तळ्याकाठी:

विचारले, सर. लहानखुरा आहे. नोव्हेंबर.